सहा मासिकं आणि एक डोरेमॉन

नमस्कार मंडळी!

१९६९ सालचा डिसेंबर. जपानमध्ये चौथीच्या मुलांसाठी निघणारं एक मासिक आहे, 'शोगाकु योनेन्सेइ'. त्याच्या अंकात पुढच्या महिन्यापासून सुरू होणाऱ्या नव्या चित्रकथेची जाहिरात छापलीय. अभ्यासाच्या टेबलाचा खण उघडा आहे, समोर एक मुलगा दचकून उभा आहे आणि खणातून काहीतरी बाहेर आलंय, एवढंच कळतं. काय आलंय ते चित्रात नाही. त्याचं नावही नाही. कारण ज्यानं ते काढायचं, त्या चित्रकारालाच अजून काही सुचलेलं नव्हतं!

त्या खणातून पुढे जो बाहेर आला त्याला तुम्ही सगळे ओळखता. डोरेमॉन. भविष्यातून आलेला, पोटावरच्या पिशवीतून हवी ती वस्तू काढणारा मांजर-यंत्रमानव. आपल्याकडे तो आला टीव्हीवरून, २००५ साली हंगामा चॅनलवर, आणि आला तोच हिंदी बोलत. त्यामुळे आपल्या घराघरांत डोरेमॉन म्हणजे कार्टून, हे समीकरण पक्कं बसलंय. पण डोरेमॉन मुळात कागदावरचा. तो छापला कसा गेला, हे कळलं की त्याच्या गोष्टी तशा का आहेत तेही कळतं. म्हणून आजचा व्हिडिओ त्या छपाईबद्दल.

[स्क्रीनवर: सहा मासिकांची मुखपृष्ठं, शेजारी शेजारी]

आधी हा चित्रकार. हिरोशी फुजिमोतो, जन्म १९३३, गाव ताकाओका. प्राथमिक शाळेत त्याला मोतोओ आबिको नावाचा मित्र भेटला, दोघांना चित्रकथांचं वेड, आणि पुढे दोघांनी मिळून एकच टोपणनाव घेतलं: फुजिको फुजिओ. बरीच वर्षं वाचकांना हा एकच माणूस वाटायचा. दोघं वेगळे झाले ते १९८०च्या दशकाच्या शेवटी, आणि मग फुजिमोतो 'फुजिको एफ. फुजिओ' या नावानं लिहू लागले. डोरेमॉन त्यांचा एकट्याचा.

आता प्रकाशक. शोगाकुकान ही संस्था १९२२ साली सुरू झाली तीच शाळकरी मुलांच्या मासिकांवर, आणि त्यांची पद्धत मला फार आवडते. मुलांसाठी एकच मासिक काढायचं आणि बालवाडीपासून मोठ्यांपर्यंत सगळ्यांच्या हातात तेच द्यायचं, असं नाही. प्रत्येक इयत्तेला स्वतःचं मासिक! पहिलीचं वेगळं, दुसरीचं वेगळं, अशी सहावीपर्यंत. त्याखाली बालवाडीच्या वयाची आणखी दोन. मूल वरच्या वर्गात गेलं की त्याचं मासिकही बदलायचं.

डोरेमॉन सुरू झाला १९७० च्या जानेवारी अंकात, आणि एकाच वेळी सहा मासिकांत: लहानग्यांची 'योइको' आणि 'योचिएन', आणि पहिली ते चौथीची चार. इथे नीट लक्ष द्या, कारण बहुतेकांना वाटतं की एकच गोष्ट सहा ठिकाणी छापली असेल. तसं नव्हतं. सहा मासिकांत सहा वेगळ्या पहिल्या गोष्टी होत्या! डोरेमॉन सहा वेळा नोबिताच्या, म्हणजे त्या दचकलेल्या मुलाच्या, घरी पहिल्यांदा आला.

चौथीच्या मासिकातली गोष्ट आज सगळीकडे 'पहिली' म्हणून ओळखली जाते. नव्या वर्षाचा पहिला दिवस आहे, नोबिता घरात लोळत पडलाय, आणि कुठून तरी आवाज येतो की तीस मिनिटांनी नोबिता फासावर लटकणार आणि चाळीस मिनिटांनी आगीत भाजला जाणार. मग खण उघडतो, डोरेमॉन बाहेर येतो आणि टेबलावरचा मोची, म्हणजे तांदळाचा जपानी गोळा, खाऊन टाकतो. मागोमाग नोबिताचा पणतू-खापरपणतू म्हणावा असा सेवाशी येतो आणि सांगतो की तुझ्या कर्जापायी आम्ही अजून गरिबीत आहोत. लग्न, धंदा, दिवाळं, सगळं त्या एका गोष्टीत आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे झेपतं, त्यात मजाही वाटते. चार वर्षांच्या मुलाला कर्ज म्हणजे काय कळणार? म्हणून लहानग्यांच्या मासिकात पानं थोडी, चित्रं मोठी, शब्द मोजके.

म्हणजे दर महिन्याला एकाच माणसानं एकाच पात्राच्या अनेक गोष्टी करायच्या, आणि प्रत्येक गोष्ट वेगळ्या वयासाठी. १९७३ पासून पाचवी आणि सहावीची मासिकंही यात आली. बघा, एकाच आठवड्यात बालवाडीतल्या मुलाला हसवायचं आणि सहावीतल्या मुलाला काळाच्या प्रवासातला गुंता समजावून द्यायचा. डोरेमॉनच्या गोष्टींत एकही फालतू चित्र सापडत नाही. माझ्या मते ते याच सवयीतून आलंय. सहावीच्या गोष्टीतसुद्धा पहिल्या दोन पानांत अडचण काय, कोणाची, आणि पिशवीतून काय निघणार, हे सगळं मांडून झालेलं असतं.

या पद्धतीत एक अडचण मात्र होती. जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि मार्चला संपतं. सुरुवातीला डोरेमॉन चौथीपर्यंतच होता. मग चौथीतलं मूल पाचवीत गेलं की? त्याच्या नव्या मासिकात डोरेमॉन नाहीच! त्या मुलांना निरोप तर द्यायला हवा. म्हणून १९७१ च्या मार्च अंकात चौथीच्या मुलांसाठी डोरेमॉन भविष्यात परत जातो. पुढच्या वर्षी, १९७२ च्या मार्चला, पुन्हा एक निरोप. खालच्या इयत्तांच्या मासिकांत तो तेव्हाही मजेत राहतच होता. 'डोरेमॉनचा शेवटचा भाग' म्हणून इंटरनेटवर जे दुःखी किस्से फिरतात ना, ते बाजूला ठेवा. खरे निरोप हे आहेत, आणि ते वर्ग बदलणाऱ्या मुलांसाठी काढलेले आहेत.

यातला सगळ्यात गाजलेला निरोप १९७४ च्या मार्चचा, तिसरीच्या मासिकातला. डोरेमॉनला परत जावं लागणार आहे, पण नोबिताला एकटं सोडून जायचा त्याला धीर होत नाही. रात्री नोबिताची गाठ जियानशी, म्हणजे त्याला नेहमी मारणाऱ्या दांडगट मुलाशी, पडते. एरवी हाच नोबिता लगेच डोरेमॉनला हाक मारतो. आज मारत नाही. मार खातो, पडतो, पुन्हा उठून जियानच्या अंगावर जातो, आणि शेवटी जियानच कंटाळून माघार घेतो. नोबिता हे सगळं करतो ते डोरेमॉनला निश्चिंत मनानं जाता यावं, एवढ्यासाठी. सकाळी खोलीत नोबिता एकटाच बसलेला असतो.

आता पुढचा महिना, एप्रिल १९७४. तीच मुलं आता चौथीत गेली आहेत, हातात चौथीचं मासिक आहे. एक एप्रिलला जियान नोबिताला फसवतो की डोरेमॉन परत आला. नोबिता धावत घरी जातो, घर रिकामं. डोरेमॉननं जाताना ठेवलेल्या वस्तूतून एक औषध निघतं. ते प्यायलं की आपण बोलू त्याच्या उलट घडतं. त्या औषधाच्या भरात, जियानची खोड मोडून झाल्यावर, नोबिता रडवेला होऊन पुटपुटतो की डोरेमॉन आता कधीच परत येणार नाही. आणि तो येतो! एका इयत्तेच्या शेवटच्या अंकात निरोप, आणि वरच्या इयत्तेच्या पहिल्या अंकात भेट. वर्ग बदलला तरी मित्र सोबत आलाय, हे त्या मुलांना गोष्टीतूनच कळलं. मुलांच्या साहित्यात छपाईच्या वेळापत्रकाचा इतका सुंदर उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

[स्क्रीनवर: पिवळ्या कण्याची छोटी पुस्तकं एका ओळीत]

मासिक महिनाभर घरात राहायचं आणि मग रद्दीत जायचं. पुस्तकं आली ती १९७४ मध्ये, 'तेंतोमुशी कॉमिक्स' या मालेत. ठरलं होतं फक्त सहा भागांचं. म्हणूनच सहाव्या भागाची शेवटची गोष्ट म्हणजे तो निरोप. पण पुस्तकं इतकी खपली की सातवा भाग काढावा लागला, आणि त्याची पहिली गोष्ट अर्थातच परत येण्याची. ही माला थांबली १९९६ मध्ये, ४५ व्या भागावर.

टीव्हीचं म्हणाल तर १९७३ मध्ये पहिलं कार्टून आलं आणि सहा महिन्यांत बंदही पडलं. म्हणजे डोरेमॉनला पहिलं मोठं यश कागदानंच दिलं. १९७७ मध्ये शोगाकुकाननं 'कोरोकोरो कॉमिक' हे जाडजूड मासिक काढलं ते जवळजवळ डोरेमॉनच्या जोरावर, जुन्या गोष्टी एकत्र छापून. इथे इयत्तेची अट नव्हती. टीव्हीवर तो पुन्हा आला १९७९ च्या एप्रिलमध्ये, आणि यावेळी टिकला. १९८० पासून दरवर्षीच्या सिनेमाची लांबलचक कथा फुजिमोतो कोरोकोरोमध्ये क्रमशः काढू लागले. अशाच एका लांब कथेवर काम चालू असताना २३ सप्टेंबर १९९६ रोजी ते गेले, वयाच्या ६२ व्या वर्षी. उरलेली पानं त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण केली. पुढच्याच वर्षी चित्रकथांसाठीचा ओसामु तेझुका सांस्कृतिक पुरस्कार सुरू झाला आणि त्याचा पहिला सर्वोच्च मान डोरेमॉनला मिळाला.

व्हिएतनामची गोष्ट सांगायलाच हवी. तिथल्या किम डोंग या प्रकाशनानं १९९२ मध्ये डोरेमॉन छापायला सुरुवात केली, तीही हक्क न घेता. मुलांनी अक्षरशः उड्या टाकल्या. पुढे रीतसर करार झाला, तेव्हा त्या मानधनातून तिथल्याच मुलांसाठी डोरेमॉनच्या नावानं शिष्यवृत्ती निधी उभा राहिला.

आता महत्त्वाचा भाग. डोरेमॉनच्या एकूण गोष्टी १३०० च्या वर आहेत. त्या ४५ पुस्तकांत आहेत ८०० च्या आसपास. फुजिमोतो स्वतः निवड करायचे, आणि निवडताना चित्रं, संवाद दुरुस्तही करायचे. जे वगळलं ते जुन्या मासिकांतच राहिलं. गाचाको नावाची एक बदक-यंत्रमानव होती, सुरुवातीच्या काही गोष्टींत डोरेमॉनबरोबर राहायची. या ४५ भागांत ती कुठेच नाही.

हे सगळं एकत्र आलं २००९ पासून निघालेल्या फुजिमोतोंच्या समग्र साहित्यात, आणि संपादकांनी लावलेला क्रम बघा. तारखेनं नाही, विषयानं नाही, तर वाचकाच्या जन्मवर्षानं! अमुक वर्षी जन्मलेल्या मुलानं पहिलीत काय वाचलं, मग दुसरीत काय, मग तिसरीत, तशा ओळीनं गोष्टी. म्हणजे पन्नाशीतला जपानी माणूस आपलं जन्मवर्ष शोधतो आणि स्वतः ज्या क्रमानं वाचला होता त्याच क्रमानं डोरेमॉन पुन्हा वाचतो. ज्यांनी हे ठरवलं त्यांना हा चित्रकार पुरता कळला होता.

त्या सहा पहिल्या गोष्टी एकत्र बघायच्या असतील तर २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, पन्नाशीच्या निमित्तानं, 'भाग शून्य' आलाय. ४५ व्या भागानंतर २३ वर्षांनी त्या मालेत आलेलं हे नवं पुस्तक. जपानी येत नसलं तरी हा भाग हातात घ्या. एकच प्रसंग वय बदललं की कसा बदलतो, ते नुसती पानं उलटूनही दिसतं. इंग्रजीत वाचायचं असेल तर २०१३ पासून रंगीत डिजिटल आवृत्ती आहे; अमेरिकेसाठी केलेली असल्यामुळे नोबिता तिथे 'नोबी' आणि जियान 'बिग जी' झालाय, त्यानं गोंधळू नका.

आणि ती मासिकं? जपानमध्ये मुलं कमी झाली, आवडीनिवडी बदलल्या. पाचवी-सहावीची मासिकं २०१० मध्ये थांबली, तिसरी-चौथीची २०१२ मध्ये, दुसरीचं २०१६ च्या अखेरीस. पहिलीचं 'शोगाकु इचिनेन्सेइ' मात्र अजून निघतं.