दोन्ही टोकांना समुद्र

श्रोतेहो, 'बोलणारा रेडिओ' या आजच्या विषयासाठी मी बीबीसीच्या रेडिओ ४ या केंद्राचा एक साधा, कामाचा दिवस निवडला आहे. जुन्या 'होम सर्व्हिस'च्या जागी ३० सप्टेंबर १९६७ रोजी हे केंद्र सुरू झाले. तेथे गाणी जवळजवळ नसतातच. पहाटेपासून मध्यरात्र उलटेपर्यंत माणसे बोलतात, वाचतात, वाद घालतात आणि नाटके करतात. नोकरीनिमित्त उत्तर इंग्लंडमध्ये काढलेल्या वर्षांत हे केंद्र माझ्या स्वयंपाकघरात सतत चालू असे. असे केंद्र श्रोत्याला त्याने न मागितलेले बरेच काही देते आणि तेच त्याचे सर्वांत मोठे देणे आहे, असे माझे म्हणणे आहे. ते मी दिवसाच्या क्रमाने मांडणार आहे. पण त्याआधी थोडे समुद्राविषयी बोलू द्यावे, कारण या दिवसाची दोन्ही टोके समुद्राला बांधलेली आहेत.

तिथला माझा पहिलाच हिवाळा होता. झोप येईना म्हणून रेडिओ लावला, तर 'सेलिंग बाय' नावाची एक संथ, हेलकावे घेणारी सुरावट चालू होती. ती विरली आणि बारा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी एक शांत आवाज नावे वाचू लागला: व्हायकिंग, नॉर्थ उत्सिरे, साउथ उत्सिरे, फोर्टीज, क्रोमार्टी, फोर्थ, टाइन, डॉगर. प्रत्येक नावामागे काही आकडे आणि दोन-चार शब्द येत. मला अर्थ लागला नाही, पण डोळ्यांसमोर आजी उभी राहिली. अंगावर पहिला तांब्या ओतताना ती 'गंगे च यमुने चैव' म्हणत नद्यांची नावे घेई, आणि त्यांतली एकही नदी तिने पाहिलेली नव्हती.

सकाळी मी घरमालकीणबाईंना विचारले, तेव्हा त्यांनी कपाटातून घड्या पडून फाटायला आलेला एक नकाशा काढला. त्यांचे वडील हल बंदरातून मासेमारीच्या बोटींवर जात. मी रात्री ऐकलेले ते जहाजांसाठीचे समुद्राचे हवामान, म्हणजे 'शिपिंग फोरकास्ट', सुरू झाले की त्यांची आई रेडिओचा आवाज वाढवी आणि घरात कोणी चमचाही वाजवायचा नाही, असा दंडक होता. नॉर्वेच्या बाजूने बोट ठेवून बाई खाली इंग्लिश खाडीपर्यंत आल्या, तेथून बिस्केच्या उपसागरात उतरल्या आणि आयर्लंडला वळसा घालून आइसलंडपाशी थांबल्या. एकतीस सागरी विभागांची नावे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घेतली जातात. म्हणजे ही ब्रिटिश बेटांची प्रदक्षिणाच झाली, आणि तीही रोजची.

या निवेदनाला सुमारे साडेतीनशे शब्दांची मर्यादा असते, त्यामुळे त्यात एकही शब्द शोभेसाठी येत नाही. वादळ 'इमिनंट' म्हटले तर ते इशारा दिल्यापासून सहा तासांच्या आत येणार, 'सून' म्हटले तर सहा ते बारा तासांत आणि 'लेटर' म्हटले तर बारा तासांनंतर. दृश्यता 'गुड' म्हणजे पाच सागरी मैलांहून अधिक. 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' हे वाक्य आपल्या कोकणातल्या घराघरात ज्या गांभीर्याने ऐकले जाते, त्याच गांभीर्याने ती भाषा घडलेली आहे. १८५९ साली वेल्समधल्या अँगलसी बेटाच्या किनाऱ्यावर 'रॉयल चार्टर' हे जहाज वादळात फुटले आणि सुमारे साडेचारशे माणसे गेली. त्यानंतर रॉबर्ट फिट्झरॉय यांनी, म्हणजे डार्विनला घेऊन गेलेल्या 'बीगल' जहाजाच्या कप्तानांनी, वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था उभी केली. २००२ साली फिनिस्टेर या विभागाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या यादीत एरवी बेटे, नद्या आणि वाळूचे उथळे आहेत, तिच्यात एका माणसाचे नाव रोज घेतले जाते, हे मला फार मोलाचे वाटते.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहाच मिनिटे उरली आहेत, तेव्हा दिवस झपाट्याने सांगतो.

पहाटे समुद्रानंतर शेती येते. सहा ते नऊ 'टुडे' हा बातम्या आणि मुलाखतींचा कार्यक्रम असतो. मंत्र्यांच्या उलटतपासणीमध्येच पावणेआठच्या सुमारास एखादे धर्मचिंतन येते. गुरुवारी नऊला 'इन अवर टाइम'मध्ये तीन प्राध्यापक एकाच विषयावर बोलतात. १९४६ साली सुरू झालेला 'वुमन्स आवर' दहाला लागतो. आकाशवाणीवरचे आपले महिलांसाठीचे 'वनिता मंडळ' ज्यांनी ऐकले आहे, त्यांना तो परका वाटणार नाही. दुपारी एकला बातम्या लागतात. सायंकाळी सातला 'द आर्चर्स' ही श्रुतिकांची मालिका असते. ती १ जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकू जाऊ लागली, तेव्हा युद्धानंतरची टंचाई होती आणि शेतकऱ्यांपर्यंत नवी शेती पोहोचवायची होती. आकाशवाणीवरच्या आपल्या 'प्रपंच' मालिकेप्रमाणे तिनेही एका कुटुंबाच्या तोंडून देशाशी गप्पा मारल्या. रात्री पावणेअकराला पुस्तकवाचन आणि त्यानंतर संसदेचा वृत्तान्त असतो.

आता मुद्दा. हे सारे एकापाठोपाठ एक येते आणि मधे जाहिरात नसते, कारण खर्च घरोघरी भरल्या जाणाऱ्या टीव्ही परवाना शुल्कातून भागतो. मी बातम्यांसाठी रेडिओ लावी आणि भांडी विसळून होईपर्यंत शून्य या संख्येचा इतिहास ऐकत ओल्या हातांनी उभा राही. शून्यावरचा कार्यक्रम मी आपणहोऊन कधीच शोधला नसता. आज प्रत्येकाच्या कानात त्याने निवडलेलेच वाजते. शेतकऱ्याचे शहरवासीयाच्या कानावर पडत नाही आणि कोळ्याचे कोणाच्याच पडत नाही. आपल्या खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभाच नाही, त्यामुळे बोलणारा रेडिओ हवा असेल तर तो आकाशवाणीकडेच मागावा लागेल, आणि तो आपण पत्रे लिहून, हट्टाने मागितला पाहिजे.

घरमालकीणबाईंचे वडील सुखरूप निवृत्त झाले आणि पुढे घरीच वारले. तरी खालच्या मजल्यावरून पाऊण वाजता ती सुरावट ऐकू येई. समुद्राचे हवामान संपले की राष्ट्रगीत होई, एक वाजता वर्ल्ड सर्व्हिस सुरू होई आणि पहाटे पुन्हा व्हायकिंगपासून.