बिस्तारै : नेपाळमधल्या म्याग्दी जिल्ह्याच्या गावांतून सहा दिवस

(दृश्य : दगडी पायऱ्या. चौकटीत फक्त पावलं. सात जोड बूट, मागून एक जोड रबरी चपला.)

चपला आमच्या वाटाड्याच्या. बूट आमचे. त्यातले दोन जोड निघायच्या आठवड्यात घेतलेले. नवे बूट घालून डोंगरात जाऊ नये, हे दुसऱ्यांना तीस वर्षं सांगत आलेल्या माणसांनीच घेतलेले.

आम्ही सात जण. ठाणे, डोंबिवली, पुणे. धाकटे बावन्न वर्षांचे, थोरल्या काकू सदुसष्टच्या. सगळ्यांचे रविवार सह्याद्रीत गेले, आता उतारावर गुडघे कुरकुरतात. मागणं साधं होतं. बर्फाची शिखरं पोटभर बघायची. तंबू नको. संध्याकाळी कुणाच्या तरी चुलीशेजारी बसून गरम जेवायचं. आणि जे पैसे द्यायचे ते त्या चुलीपर्यंत पोचले पाहिजेत.

या शेवटच्या अटीपायी ठरवाठरवीला तीन महिने लागले.

(दृश्य : जेवणाचं टेबल, पसरलेला नकाशा, त्यावर भज्यांची बशी.)

नेपाळमध्ये पोखऱ्याला जायचं म्हटलं, की जो तो पून हिल सुचवतो. ३,२१० मीटर. नजारा खरोखरच मोठा, पण पहाटे तिथे इतकी गर्दी होते की धौलागिरी लोकांच्या हात वर केलेल्या मोबाइलांमधून बघावा लागतो. त्याच रांगेत, एका दिवसाच्या चालीवर, मोहरे डांडा आहे. डांडा म्हणजे डोंगराची धार. उंची ३,३१३ मीटर, पून हिलपेक्षा शंभर मीटर जास्तच. शिखरं तीच. वर एकच लॉज, तोही गावांनी मिळून चालवलेला.

नकाशावरची ही पेन्सिलची रेघ म्हणजे आमची वाट. बेनी या बाजारगावाजवळ गलेश्वर, तिथून बाँसखर्क, मग नांगी, मग मोहरे, पलीकडे तिकोट आणि शेवटी खाली कालीगंडकीच्या काठी तातोपानी. पाच दिवस चाल. नांगीला एक दिवस जादा. हा जादा दिवस काढून टाका, असा आग्रह आमच्यातल्याच दोघांनी शेवटपर्यंत धरला होता. पुढे जे बघाल त्यातलं निम्मं त्याच दिवसाचं आहे.

सोपा ट्रेक म्हणजे सपाट ट्रेक नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. गलेश्वर साधारण १,१७० मीटरवर. पहिला मुक्काम १,५२६, दुसरा २,३२०. म्हणजे दुसऱ्या रात्री आपण कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साडेसहाशे मीटर वर झोपतो. नांगी ते मोहरे या एका दिवसात जवळजवळ हजार मीटरची चढण आहे. दोर नाही, बर्फ तुडवणं नाही, कड्याला चिकटून जाणं नाही. पायऱ्या मात्र आहेत, आणि त्या संपत नाहीत.

(दृश्य : गोरखपूर स्टेशन, पहाट. मग सोनौलीची कमान.)

मुंबईहून रेल्वेने गोरखपूर, तिथून जीपने सोनौली. सीमा चालत ओलांडायची. पलीकडे भैरहवा, बुटवल, आणि पोखऱ्यापर्यंतचा वळणावळणाचा घाट. एक अख्खा दिवस त्यातच जातो. आपल्याला व्हिसा लागत नाही. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं, नुसत्या आधार कार्डावर विसंबू नका. आपला एक रुपया म्हणजे त्यांचा एक रुपया साठ पैसे, हा हिशेब १९९३ पासून बदललेला नाही. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना दक्षिण आशियातल्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपयांना, म्हणजे आपल्या ६२५ ला मिळतो. तो पोखऱ्यातच काढून घ्यायचा. तिथे आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, एवढं ध्यानात ठेवा. बेनीच्या पुढे रोख पैसे जवळ ठेवायचे.

दिवस कुठले निवडायचे, यावर वाद झाला. मार्च-एप्रिलमध्ये लालीगुराँस, म्हणजे लाल ऱ्होडोडेंड्रॉन, फुलतो, जंगलं लाल होतात, पण हवा धुरकट. पावसाळ्यात जळवा. आपल्याला पावसातच डोंगर चढायची खोड, म्हणून हे मुद्दाम सांगतो. दसैं आणि तिहार म्हणजे त्यांचा दसरा-दिवाळी. तेव्हा अख्खा देश घरी निघालेला असतो आणि बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आम्ही तिहार उरकल्यावर, नोव्हेंबरात गेलो.

सीमेवर आणखी एक गोष्ट करायची. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे घ्यायचं. नेपाळ आपल्यापेक्षा पाव तासाने पुढे आहे.

(दृश्य : गलेश्वर. प्रचंड खडकावरचं महादेवाचं देऊळ, खाली पाणी.)

गलेश्वर महादेव. खाली राहुगंगा कालीगंडकीला मिळते. ही तीच कालीगंडकी, जिच्या पात्रातले शाळिग्राम आपल्याकडे देव्हाऱ्यात असतात. काकूंच्या घरचा चार पिढ्यांचा आहे. तो कुठून आला हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं, या पाण्यातून आला एवढंच ठाऊक होतं.

(निवेदन थांबवा. काकू पाण्याशी बसल्या आहेत, तेवढं राहू द्या.)

(दृश्य : चढाची वाट, नाचणीची खाचरं, पाठीवर डोको घेतलेली बाई.)

पाठीवरची वेताबांबूची टोपली म्हणजे डोको. तिचा पट्टा कपाळावर येतो, तो नाम्लो. आता ही बाई जिथे टेकते आहे ती जागा नीट बघा. वड-पिंपळाच्या सावलीतला दगडी कट्टा, चौतारी. आपल्याकडचा पार. पण या कट्ट्याला एक पायरी जास्त आहे, आणि तिची उंची बरोबर एवढी, की ओझं पाठीवरून न उतरवता माणसाने नुसतं मागे टेकावं आणि भार दगडावर जावा. उठताना कुणाचा हात लागत नाही. सात जणांच्या सात रकसॅक आम्ही तिथे अशाच टेकवल्या. त्यानंतर चौतारी दिसली की थांबायचं, असा नियमच झाला.

वाटाड्या भाई चढाला एकच शब्द बोलतात. बिस्तारै. सावकाश. उतारालाही तोच. पुढची वाट कशी आहे विचारलं तर म्हणतात, "तेर्सो." तेर्सो म्हणजे आडवी, सपाट. मग कळतं, की थोडा उकालो, म्हणजे चढ, आणि थोडा ओरालो, म्हणजे उतार, मिळून जे होतं, त्याला नेपाळात सपाट म्हणतात.

(दृश्य : नांगी. दगडी घरं, शाळेचं मैदान, मागे शिखर.)

नांगी. पुन मगरांचं गाव. पून हिलमधला पून तो हाच. गोरखा पलटणीत पिढ्यान् पिढ्या गेलेली घरं. १९५५ साली इथे जन्मलेला एक मुलगा गुरं राखायचा आणि ज्या शाळेत जायचा तिथे कागद नव्हता, पेन्सिल नव्हती, पुस्तक नव्हतं. महावीर पुन. पुढे ते अमेरिकेत नेब्रास्काला शिकले आणि गावात परतले. शाळा उभी केली. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका शाळेने जुने संगणक पाठवले, पण गावात वीज नव्हती. ओढ्यावर छोटी जनित्रं बसवली. संगणक चालले, पण टेलिफोनची तार नव्हती. मग टीव्हीच्या छत्र्या झाडांवर चढवल्या, डोंगरमाथ्यांवर रिले केंद्रं उभी केली आणि पोखऱ्याचं इंटरनेट हवेतून नांगीला आणलं. तेही माओवादी यादवीच्या दिवसांत, जेव्हा असली यंत्रं जवळ बाळगणं धोक्याचं होतं. २००७ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आम्हाला या माणसापेक्षा त्याने लावलेली पद्धत दाखवायची आहे. शाळा चालवायची तर दर वेळी कुणाच्या दारात जायचं? त्यापेक्षा गावाने स्वतः कमवावं. म्हणून हे सामुदायिक लॉज. पाहुण्याचे पैसे गावाकडे जातात आणि त्यातून शाळेला हातभार लागतो. लॉज कुणा एकाच्या मालकीचा नाही. आपण जेवलो ते ताट शाळेच्या खात्यावर चढतं, असं काकू म्हणाल्या. ते अगदीच चूक नाही.

(दृश्य : कागदाचं काम. हा भाग कापू नका.)

आणि हा कागद. जिथे शाळेत कागद नव्हता, त्याच गावातला.

लोकताचं झुडूप वरच्या जंगलात वाढतं. बुंधा छाटतात, मूळ राखतात, म्हणजे काही वर्षांत पुन्हा फुटवे येतात. खोडाची आतली पांढरी साल सोलून आणायची. भिजवायची, शिजवायची. मग दगडावर ठेवून लाकडी मोगरीने कुटायची. हा आवाज ऐका. ताक घुसळताना जशी लय लागते तशी लागली की समजायचं, लगदा होत आला.

ही चौकट. चार लाकडं आणि त्यावर ताणलेलं कापड. ती हौदाच्या पाण्यावर तरंगत ठेवली आहे. कागद करणाऱ्या दिदींनी त्यात तांब्याभर लगदा ओतला. आता बोटं बघा. काही ढवळत नाहीत, फक्त पाण्याला हलकेच थापटतात आणि लगदा आपोआप कडेपर्यंत पसरतो. जिथे जाड झाला तिथे बोटाने पाणी सारायचं. मग चौकट दोन्ही हातांनी सपाट उचलायची, पाणी गळू द्यायचं आणि उन्हाला तोंड करून भिंतीला टेकवायची. चौकट तिरपी झाली तर कागद एका बाजूला जाड होतो. आम्ही केलेले तिन्ही तसेच झाले.

वाळल्यावर एका कोपऱ्यातून नख घालायचं आणि सोलायचा. काकूंनी पहिल्याच फटक्यात अख्खा सोलला. "सालपापड्यांसारखंच आहे की," म्हणाल्या. दिदींना शब्द कळला नाही, हात कळला. त्यांनी पुढची चौकट काकूंपुढेच सरकवली.

या कागदाला कसर सहजी लागत नाही. नेपाळात सरकारी दस्तऐवज याच कागदावर लिहिण्याची जुनी रीत आहे.

(दृश्य : स्वयंपाकघर. चूल, कढई, हात.)

रात्री ढिंडो. पीठ कशाचं म्हणून विचारलं, तर चुलीपाशीच्या दिदी म्हणाल्या, "कोदो." आम्हाला वाटलं, कोद्रा. मूठभर धान्य हातावर ओतलं तेव्हा कळलं, ही तर आपली नाचणी! उकळत्या पाण्यात पीठ सोडून लाकडी डावाने घोटत राहायचं, गाठ होऊ द्यायची नाही. सोबत आंबवून वाळवलेल्या पाल्याचा, गुंद्रुकचा, कढत रस्सा. आणि चटणी. ती जिभेवर ठेवताच आमच्यातले मालवणचे गृहस्थ उठून उभे राहिले. तिरफळ! इथे त्याला टिमुर म्हणतात. जात थोडी वेगळी, कूळ एकच. बांगड्याशिवाय तिरफळ खायची त्यांची ही पहिलीच वेळ.

(दृश्य : चढ. गुराँसाचं जंगल, शेवाळलेली खोडं, धुकं.)

मोहरेचा दिवस. सहा तासांचा चढ आम्ही आठ तासांत केला. ३,००० मीटरच्या वर हळू चालणं हेच औषध. पाणी सतत प्यायचं, डोकं दुखू लागलं तर लपवायचं नाही. आमच्यात एकाचं दुखलं. त्यांनी लपवलं. संध्याकाळी चहा नको म्हणाले तेव्हा कळलं.

(दृश्य : पहाट, मोहरे डांडा.)

डावीकडून. धौलागिरी, ८,१६७ मीटर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातलं सर्वांत उंच शिखर हेच मानलं जायचं. मग तुकुचे, निलगिरी. मधल्या काळ्या दरीत कालीगंडकी. उजवीकडे अन्नपूर्णा, पुढ्यात अन्नपूर्णा दक्षिण, हिउंचुली आणि शेवटी माछापुच्छ्रे. माछापुच्छ्रेवर चढाईला परवानगी नाही.

(इथून निवेदन नाही. एक मिनिट दहा सेकंद. वारा आणि चहाच्या कपांचा आवाज तेवढा.)

(दृश्य : तातोपानी. गरम पाण्याचं कुंड, वाफ.)

मोहरे ते तिकोट या दिवसाचं चित्रण नाही. पहाटेच्या थंडीत दोन्ही बॅटऱ्या बसल्या. उतार हजार मीटरचा. काकूंचा गुडघा सुजला तो तिथेच. काठ्या दोन घ्या, एक पुरत नाही.

तातोपानी म्हणजे गरम पाणी. नावात आहे तेच कुंडात आहे. जवळूनच बेनी-जोमसोम रस्ता जातो. जीपची वाट आता नांगीपर्यंतही गेली आहे. तिच्यामुळे चालणारे घटले की आजाऱ्याला दवाखाना जवळ आला, हे ज्याला विचाराल त्याच्यावर अवलंबून. आम्ही विचारलेली बहुतेक तरुण मुलं आखातातून सुट्टीवर आली होती.

(दृश्य : बसच्या खिडकीतून मागे पडणारी शिखरं. काकूंच्या मांडीवर चटईत गुंडाळलेली सुरळी.)

सुरळीत कागदाचे अकरा ताव आहेत. आठ विकत घेतलेले, तीन आमचे, एका बाजूने जाड.

(शेवटचं दृश्य : सोनौलीची कमान, अलीकडून. मनगटावरचं घड्याळ, त्यावर अंगठा.)

पंधरा मिनिटं मागे.