फिल्टरची तारीख कोण ठरवतं?

नमस्कार, श्रोतेहो.

लातुरात गेली १९ वर्षं मी घरोघरी जाऊन पाण्याची फिल्टर मशीनं दुरुस्त करतो. एक प्रश्न रोज कानावर पडतो. दार उघडल्या उघडल्या ताई विचारतात, "दादा, वर्ष झालं की हो, आता सगळंच बदलावं लागेल का?" आज मला ह्याच प्रश्नावर बोलायचं आहे. कारण ह्यात कुणाचे पैसे फुकट जातात, तर कुणाच्या पोटात नको ते पाणी जातं.

२०१६ चा उन्हाळा आपल्यापैकी कुणी विसरलं नसेल. मांजरा धरण आटलेलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, आणि गल्लोगल्ली टँकर. त्या एप्रिल-मे महिन्यात मी गाळ अडवणारी पांढरीशुभ्र कँडल बसवून घरी यायचो, आणि तीन आठवड्यांत त्याच घरातून फोन, "दादा, पाणी येईना." त्याच घरात, त्याच मशीनमध्ये, नळाचं पाणी बरं असताना तीच कँडल सहा-सात महिने टिकायची. मशीन बदललं नव्हतं, माणसं वाढली नव्हती. आत येणारं पाणी बदललं होतं. म्हणून "वर्षाला एकदा" हा हिशेब मी कुणाला डोळे झाकून सांगत नाही.

मशीनच्या बाहेर, नळाजवळ जो लांबट डबा असतो, त्याच्यात पहिली कँडल असते. माती, गाळ, गंज ती अडवते. हिची पारख सगळ्यात सोपी, ती डोळ्यांना दिसते. औसा रोडला एका काकूंकडे गेलो होतो. टाकी भरायला चार-चार तास लागत होते. आधी कुणीतरी येऊन सांगून गेलं होतं की पाण्यातले क्षार अडवणारं मेम्ब्रेन गेलं, अडीच हजार लागतील. मी तो डबा फिरवून उघडला. कँडल चॉकलेटी झालेली, बोट लावलं तर बुळबुळीत, आणि विहीर उपसताना येतो तसा चिखलाचा वास. दीड-दोनशे रुपयांची कँडल बदलली. तासाभरात टाकी काठोकाठ. काकू त्या टाकीकडे बघतच राहिल्या. मेम्ब्रेन ठणठणीत होतं, पुढं दीड वर्ष चाललं. म्हणून पाण्याची धार मंदावली की आधी कँडल उघडून बघायला सांगा, महागड्या भागाचं नंतर बोलू. थंडीच्या दिवसांत मात्र धार थोडी कमी होतेच. गार पाणी मेम्ब्रेनमधून हळू जातं, त्यात बिघाड काही नसतो.

कँडलच्या मागे कार्बन. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तो शोषून घेतो, वास आणि चव सुधारतो. लोकांना वाटतं, चवीचंच तर काम, राहू दे आणखी काही महिने. तसं करू नका. क्लोरीन मेम्ब्रेनचं पातळ पापुद्र्यासारखं कापड हळूहळू खराब करतं. कार्बन थकला की क्लोरीन सरळ मेम्ब्रेनवर जाऊन बसतं, आणि तीनशे-चारशे वाचवायच्या नादात दोन हजारांचा भाग जातो. पारख कशी करायची? गावाकडे जलसुरक्षक नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकून बघतो, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. तसंच फिल्टरच्या पाण्याचं करून बघा. तिथंही पिवळी झाक दिसली, तर कार्बन संपला. ते तपासलेलं पाणी फेकून द्या, प्यायचं नाही. ओटी नसेल तर पेला अर्धा भरा, वर तळहात ठेवून हलवा आणि लगेच वास घ्या. नळाचा वास फिल्टरच्या पाण्याला यायला लागला असेल, तर तेच उत्तर.

आता मेम्ब्रेन. ह्याच्यासाठी टीडीएस मीटर लागतो, काही शे रुपयांत मिळतो. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते तो आकड्यात दाखवतो. मीटर एकदाच वापरून उपयोग नाही. दोन आकडे घ्यायचे, आत येणाऱ्या पाण्याचा आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. समजा बोअरचं पाणी ८२० आहे आणि फिल्टरचं ६०. म्हणजे शंभरातले नव्वदच्या वर क्षार अडले, मेम्ब्रेन चांगलं आहे. सहा महिन्यांनी आत तेच ८२० आणि बाहेर १९० आलं, तर ते थकायला लागलंय. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस वाढवायचा एक स्क्रू असतो, त्यातून थोडं कच्चं पाणी शेवटी मिसळतात. अशा मशीनला पेल्यातला आकडा बघून मेम्ब्रेनला दोष देऊ नका, मेम्ब्रेनच्या नळीतून येणारं पाणी वेगळं धरून मोजायला सांगा. आणि मुळात नळाचं पाणीच ५०० च्या आत असेल, तर आरओ, म्हणजे हे मेम्ब्रेनवालं मशीन, हवाच कशाला? भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी ५०० ही स्वीकार्य मर्यादा आहे. मुंबईसारख्या शहरात तलावांतून येणाऱ्या पाण्याचा आकडा त्याच्या खूप खाली असतो. तिथं आरओ लावून एका पेल्यासाठी दोन-तीन पेले मोरीत सोडणं मला पटत नाही. आपल्याकडे तर पाण्याची किंमत कुणी शिकवायला नको.

आणि आता ज्याच्यासाठी मी मुद्दाम हे बोलायला आलो, तो यूव्हीचा दिवा. जंतू मारायचं काम त्याचं. कँडल रंग बदलते, कार्बन वास सोडतो, मेम्ब्रेन आकडा दाखवतं. हा दिवा काहीच सांगत नाही. त्याचं आयुष्य साधारण आठ ते नऊ हजार तासांचं, म्हणजे सतत चालू राहिला तर एक वर्ष. त्यानंतरही तो निळा उजेड देत राहतो, पण जंतू मारणारा किरण डोळ्यांना दिसतच नाही, आणि तोच कमी झालेला असतो. माझ्या पुतणीच्या घरी हेच झालं. पावसाळ्यात तिच्या दोन्ही मुलांना जुलाब लागले, थोरलीला तर सलाईन लावावं लागलं. मी मशीन उघडलं. दिवा चार वर्षांचा, बाहेरच्या काचेच्या नळीवर क्षारांचा पांढरा थर. जुलाब त्याच पाण्यामुळे झाले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण "काका, दिवा तर रोज लागतोय की," हे तिचं वाक्य माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्यांच्या घरचे दिवे मी बदलत फिरत होतो आणि घरातल्या माणसाला सांगायचं राहून गेलं होतं. आता तिच्या मशीनच्या झाकणाच्या आत मार्करनं तारीख लिहिलेली असते, थोरलीच्या अक्षरात. प्रत्येक घरात मी हेच करून घेतो. दिवा बसवला ती तारीख, त्याखाली बदलायची तारीख. उघड्या डोळ्यांनी त्या दिव्याकडे टक लावून मात्र कुणी बघू नये, डोळ्यांना इजा होते.

मशीनवरचा लाल दिवा लागला की बदला, असंही सांगितलं जातं. पुष्कळ मशीनमध्ये तो दिवा नुसते तास नाहीतर लिटर मोजतो, तुमचं पाणी कसं आहे हे त्याला माहीत नसतं. त्याला आठवण म्हणून घ्या, बघायचं तुम्हीच.

मिस्त्री आला की समोर उभे राहा. नव्या भागाचं सील तुमच्यासमोर फोडायला लावा, जुनी कँडल तुमच्यासमोर कापायला लावा, म्हणजे ती धुऊन दुसऱ्याच्या घरी जाणार नाही. आतली टाकीही उघडून धुऊन घ्या, तिच्या भिंतींना चिकटा धरतो आणि तो कुणी बघत नाही. नवा कार्बन बसवला की सुरुवातीला काळं पाणी येतं, ते स्वच्छ होईपर्यंत वाहू द्या. नव्या मेम्ब्रेनच्या पहिल्या दोन टाक्या प्यायच्या नाहीत. त्या फरशी पुसायला वापरा, झाडांना घाला. आणि दिवाळीत आठ दिवस गावाला जाऊन आलात, तर टाकीतलं शिळं पाणी आधी सोडून द्या, मगच पेला भरा.

नमस्कार.