न फोडता आतलं पाहायचं तर

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्या खोलीची दारं-खिडक्या लावलेली असली, तरी माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचतोय. रेडिओलहरींना विटा-लाकूड फारसं अडवत नाही. याच कुळातल्या, पण आखूड लहरी म्हणजे मायक्रोवेव्ह. त्यांची लांबी साधारण एक मीटरपासून एक मिलिमीटरपर्यंत. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात अशाच लहरी भिंतीपार पाठवून पलीकडची घंटा वाजवून दाखवली होती. आज याच लहरींनी वस्तूच्या पोटातलं त्रिमितीय चित्र काढतात.

१ फेब्रुवारी २००३ आठवा. पृथ्वीवर परतताना कोलंबिया यान तुटलं आणि कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर दगावले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. मग प्रश्न आला, की फोमच्या आत पोकळी आहे का, तो टाकीला सगळीकडे नीट चिकटलाय का, हे तपासायचं कसं? अल्ट्रासाउंड अशा फोममध्ये विरून जातो. मायक्रोवेव्ह मात्र फोममधून सहज जातात, मागच्या धातूवर आपटून परततात, आणि वाटेत पोकळी लागली तर तिचाही क्षीण प्रतिसाद सोबत आणतात. म्हणून या तपासणीसाठी मायक्रोवेव्ह आणि मिलिमीटर-लहरींच्या पद्धती पुढे आल्या.

आता यातली खरी गंमत. अँटेना वस्तूसमोर एकेका बिंदूवर नेतात आणि परतलेल्या लहरीची तीव्रता व कला, म्हणजे लहर आपल्या चढउतारात नेमकी कुठे आहे, हे दोन्ही नोंदवतात. सरकत गेलेली ती छोटी अँटेना गणितात एका भल्यामोठ्या अँटेनाचं काम करते. ही युक्ती मुळात रडारची. कार्ल वायली या अमेरिकी अभियंत्यांना ती १९५१ साली सुचली. तिच्यामुळे आडवे-उभे तपशील मिळतात. खोली कळण्यासाठी मात्र एकच वारंवारता पुरत नाही, वारंवारतांचा रुंद पट्टा लागतो. पट्टा १ गिगाहर्ट्झचा असेल, तर हवेत एकामागे एक असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसायला त्यांच्यात सुमारे १५ सेंटीमीटर अंतर हवं. पट्टा १० गिगाहर्ट्झचा केला, की दीड सेंटीमीटरही चालतं. मग संगणक प्रत्येक लहर जिथून निघाली तिथवर उलटी चालवतो आणि आतली वस्तू थराथरानं उभी राहते. विमानतळावरचे मिलिमीटर-लहरींचे स्कॅनर याच तत्त्वावर चालतात. क्ष-किरणांसारखा रेणूंमधले इलेक्ट्रॉन उखडण्याचा धोका इथे नाही, तेवढी ऊर्जाच या लहरींत नसते.

पण एक अडचण सुटत नाही. लहर आखूड केली की तपशील वाढतो, आणि आत शिरण्याची ताकद घटते. ओल्या काँक्रीटमध्ये तर फारच. शिवाय पदार्थात लहरीचा वेग मंदावतो. तो किती मंदावतो, हे डायइलेक्ट्रिक स्थिरांक नावाच्या आकड्यावरून कळतं. समजा, एखाद्या पदार्थाचा हा स्थिरांक ९ आहे. वेग या आकड्याच्या वर्गमूळानं भागला जातो, म्हणून तिथे तो हवेतल्या वेगाच्या एक-तृतीयांश होतो. तुम्ही तो स्थिरांक चुकून ४ धरलात, तर १० सेंटीमीटर खोल असलेली सळई पडद्यावर १५ सेंटीमीटर खोल दिसेल. चित्र छान येईल, जागा चुकेल!

म्हणून अशा रंगीत प्रतिमेकडे मी फोटो म्हणून बघत नाही. तो काही गृहीतकांवर उभा असलेला हिशेब असतो. लहर आत एका जागेवरून दुसरीवर, तिथून तिसरीवर आपटली, की हिशेब आणखी किचकट होतो. आतली रचना वेगवेगळी असूनही बाहेर जवळजवळ सारखेच प्रतिसाद मिळू शकतात.

स्तनांच्या कर्करोगाच्या निदानात ही अडचण जास्त बोचते. चरबीत पाणी कमी, गाठीत जास्त, त्यामुळे दोन्हींचा प्रतिसाद वेगळा यायला हवा, ही कल्पना आकर्षक आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये १६ अँटेनांचं वर्तुळ ग्लिसरीन-पाण्याच्या मिश्रणात बुडवून अशा प्रतिमा घेतल्या गेल्या. लहर त्वचेवरूनच मागे फिरू नये, यासाठी ते द्रावण. पण निरोगी ग्रंथींच्या ऊतींतही पाणी भरपूर असतं. गाठ चरबीत असेल तर ती उठून दिसते. दाट ग्रंथींमध्ये असेल तर हा फरक फारच थोडा उरतो. मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीला, पर्याय सापडला, असं म्हणायची घाई मला म्हणूनच पटत नाही.