लहानपणची भीती आणि काळजीचे दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

काळजीचे दिवस आले की लहानपणची एखादी भीती पुन्हा डोके वर काढते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल. घरात कोणाचे मोठे आजारपण चालू असते, नोकरी राहील की जाईल या विचाराने जीव टांगणीला लागलेला असतो, किंवा २०२० साली आली तशी एखादी साथ सगळ्या जगालाच दारे लावून बसायला भाग पाडते. अशा दिवसांत रात्री पाणी प्यायला उठलेला चाळिशी-पन्नाशीचा धडधाकट माणूस अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकण्याआधी क्षणभर थबकतो आणि दिव्याच्या बटणाकडे त्याचा हात जरा घाईनेच जातो. त्याला स्वतःचीच लाज वाटते आणि ही गोष्ट तो कोणाजवळ बोलत नाही. यात लाजण्यासारखे काहीही नाही अशी माझी खात्री आहे, म्हणून आज मी या विषयावर बोलणार आहे.

लहानपणच्या भीतीला वयाचा एक क्रम असतो. सात-आठ महिन्यांचे मूल परक्या चेहऱ्याला बुजते, त्याच सुमारास आई नजरेआड होताच कासावीस होऊ लागते. तीन ते सहा या वयात अंधार आणि मनाने रचलेली भुतेखेते येतात. शाळेच्या वयात आजार, अपघात आणि आईवडिलांचा मृत्यू यांची धास्ती वाटू लागते. बहुतेक मुलांच्या बाबतीत ही भीती काही उपचार न करताच मागे पडते, आणि ती कायमची गेली असे आपण धरून चालतो.

ती कायमची जात नाही, हे दाखवणारी एक जुनी हकीकत आहे. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली पीटर नावाच्या, जेमतेम तीन वर्षांच्या मुलाविषयी लिहिले. पीटरला सशाची विलक्षण भीती वाटे; ससाच काय, फरचा कोट किंवा कापूस पाहूनही तो घाबरे. सशाला न भिणारी इतर मुले पीटरबरोबर खेळत असताना जोन्सबाई ससा खोलीत आणून ठेवीत, आणि मूल हळूहळू सरावत चालले होते. इतक्यात पीटरला लाल ज्वर झाला आणि त्याला दोन महिने रुग्णालयात राहावे लागले. तेथून घरी निघताना दाराशीच एक मोठा कुत्रा त्याच्या आणि परिचारिकेच्या अंगावर उडी मारून आला, तेव्हा दोघेही फार घाबरले. पीटर परत आला तेव्हा सशाची भीती पूर्वीइतकीच ताजी झालेली होती. सशाने मधल्या काळात त्याचे काहीही बिघडवले नव्हते. आजारपण, परकी जागा आणि एक मोठा धसका एवढे जुनी भीती जागी व्हायला पुरले.

ही हकीकत वाचली तेव्हा मला मोठा दिलासा वाटला. भीती निवते तेव्हा मेंदू जुनी आठवण पुसून टाकत नाही, तर ‘येथे धोका नाही’ असा नवा धडा तिच्यावर चढवतो. हा नवा धडा नाजूक असतो; जागा बदलली, बराच काळ लोटला किंवा नवा धक्का बसला की तो ढिला पडतो आणि खालची आठवण वर येते. त्यातच झोपेचे खोबरे झाले, की भीतीला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग थकतो आणि धोक्याची सूचना देणारे आतले केंद्र अधिकच भडकते. काळजीच्या दिवसांत सगळ्यात आधी उडते ती झोपच, त्यामुळे असे घडणे स्वाभाविक आहे.

माझी स्वतःची भीती श्वासाविषयीची होती. लहानपणी मला मध्यरात्री दचकून जाग येई आणि शेजारी झोपलेल्या वडिलांचा श्वास चालू आहे ना, हे मी कान देऊन ऐकत असे. एक श्वास सुटून दुसरा सुरू होईपर्यंत मी माझा श्वास रोखून धरी. ते कूस वळले, खोकले, की मला हायसे वाटे. पुढे कितीतरी वर्षांनी घरात आजारपण आले तेव्हा एका रात्री आजारी माणसाच्या उशाशी मी नेमका तसाच, श्वास रोखून बसलो असल्याचे माझ्या ध्यानात आले. मुलाची ती भीती खुळी नव्हती. आपले माणूस आपल्याला सोडून जाईल का, हाच तिच्यातला प्रश्न होता, आणि मोठेपणच्या बहुतेक काळज्यांच्या बुडाशी तोच प्रश्न असतो असे मला वाटते.

पीटरची भीती पुढे पुन्हा कमी झाली. आवडीचा खाऊ पुढ्यात देऊन, पिंजऱ्यातला ससा लांबून थोडा थोडा जवळ आणला गेला, आणि अखेर पीटर त्याला आपली बोटे हुंगू-कुरतडू देऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना तेथील लहान मुलांची काळजी वाहणाऱ्या ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मनोविश्लेषक बायांना असे दिसले, की आई जवळ असलेली आणि तिला धीर धरलेला पाहणारी मुले बाँबहल्ल्यातही तग धरतात. आईपासून तुटणे त्यांना अधिक जड जाते. भीतीवर सोबतीइतके गुणकारी क्वचितच काही असते, आणि मोठ्या माणसांनीही ती निःसंकोच मागावी. रात्री दिवा चालू ठेवावासा वाटला तर खुशाल ठेवावा. जे वाटते ते एका तरी माणसाला मोठ्याने सांगावे. ही अवस्था आठवडेच्या आठवडे टिकली आणि झोप, भूक, काम यांवर परिणाम होऊ लागला, तर मात्र डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

घरात मुले असतील तर त्यांना आपल्या चेहऱ्यावरून सगळे कळत असते. ‘एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?’ हे वाक्य आपण कायमचे सोडून द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण त्याने भीती जात नाही, मूल ती सांगायचे तेवढे थांबते. ‘तुला पण भीती वाटते का?’ असे मुलाने विचारले, तर ‘हो, कधी कधी वाटते, तेव्हा मी कोणाजवळ तरी जाऊन बसतो,’ असे खरे उत्तर द्यावे आणि त्याला झोप लागेपर्यंत त्याच्यापाशी थांबावे.

नमस्कार.