सरळ पट्टी, मोकळी नळी

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो, 'अँजिओप्लास्टी कोणाला हवी', म्हणजे हृदयाची अरुंद झालेली नळी फुग्याने रुंद करून तिथे स्टेंट नावाची जाळी कोणाला बसवावी, हा आजचा विषय आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी एका जुन्या चुकीबद्दल बोलल्यावाचून मला पुढे जाववत नाही, कारण त्या चुकीत माझाही हात होता.

मी निवासी डॉक्टर असताना, हृदयविकाराच्या झटक्यातून सावरणाऱ्या रुग्णाच्या मॉनिटरवर मध्येच एखादा रुंद, वेडावाकडा ठोका उमटू लागला की आम्ही लगेच लिग्नोकेन या ठोके दाबणाऱ्या औषधाची ड्रिप लावत असू. थोड्या वेळाने ईसीजीची गुलाबी पट्टी सरळ, म्हणजे त्या वेड्यावाकड्या ठोक्यांवाचून, येई, ती केसपेपरला टाचली की आम्ही निर्धास्त होत असू. काही जणांना घरी जाताना ठोके दाबणाऱ्या गोळ्याही लिहून दिल्या जात. तर्क बिनतोड वाटे: झटक्यानंतर ज्यांना असे जादा ठोके पडतात त्यांच्यात अचानक मृत्यूचे प्रमाण जास्त, म्हणजे ठोके दाबले की मृत्यू टळतील.

अमेरिकेत हा तर्क तपासण्यासाठी 'कास्ट' नावाची चाचणी झाली. जादा ठोके औषधाने खरोखर दबतात हे आधी पाहून घेतले आणि मग अशाच रुग्णांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत वाटणी केली. एका गटाला औषध, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी निरौषधी गोळी. एन्कायनाइड आणि फ्लेकायनाइड या औषधांच्या भागात १४९८ रुग्ण होते. सरासरी १० महिन्यांत ८९ जण दगावले. त्यांतले ६३ औषध घेणारे होते आणि २६ निरौषधी गोळी घेणारे. १९८९ साली हा भाग मध्येच थांबवावा लागला. दुसरा गट नसता तर हे कधीच उमगले नसते, कारण झटका येऊन गेलेला माणूस दगावला की आपण ते आजाराच्या खात्यावर मांडतो. मीही तसेच मांडले असेल, आणि ही गोष्ट माझ्या मनातून आजही जात नाही. (ॲस्पिरिनचे मोलही याच पद्धतीने, १९८८ साली, १७,१८७ रुग्णांवर सिद्ध झाले, हेही सांगितले पाहिजे.)

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ विषय थोडक्यात सांगतो. झटका चालू असताना अँजिओप्लास्टी जीव वाचवते; तिथे एक मिनिटही घालवू नये. प्रश्न आहे तो चालताना छातीत भरून येते, पण एरवी प्रकृती स्थिर आहे, अशा रुग्णाचा. असे एक गृहस्थ अँजिओग्राफीची सीडी आणि लाल पेनाने ९० टक्के असे लिहिलेले हृदयाचे चित्र घेऊन माझ्याकडे आले. "डॉक्टरसाहेब, नळी एवढी बंद आहे, मग गोळ्यांनी कसे भागणार?" प्रश्न रास्तच होता; पट्टी सरळ झाली की धोका टळला, या आमच्या जुन्या तर्कासारखाच नळी मोकळी झाली की धोका टळला, हा तर्कही बिनतोड वाटतो. परंतु २००७ च्या 'करेज' चाचणीत आणि पुढे ५१७९ रुग्णांच्या 'इस्केमिया' चाचणीत, चांगल्या औषधोपचाराला स्टेंटची किंवा बायपासची जोड दिल्याने अशा रुग्णांचे मृत्यू कमी झाले नाहीत. झटका पुष्कळदा लहानशा, चित्रात नजरेत न भरणाऱ्या, नळीच्या आत साचलेल्या चरबीच्या थराला तडा जाऊन येतो, हे त्याचे एक कारण आहे. डाव्या मुख्य धमनीतला अडथळा आणि फार अशक्त झालेले हृदय यांना हा निष्कर्ष लावू नये, कारण असे रुग्ण 'इस्केमिया'त घेतलेच नव्हते.

स्टेंटने त्रास कमी होतो का, हा वेगळा प्रश्न. २०१७ च्या 'ऑर्बिटा' चाचणीत निम्म्या रुग्णांवर फक्त अँजिओप्लास्टीचा देखावा केला, तेव्हा भरपूर औषधे चालू असलेल्या या रुग्णांत व्यायामक्षमतेचा लक्षणीय फरक दिसला नाही. २०२३ च्या दुसऱ्या 'ऑर्बिटा'त छातीदुखीची औषधे बंद ठेवली, तेव्हा स्टेंटने दुखणे खरोखर कमी झाले. त्या गृहस्थांची डावी मुख्य धमनी मोकळी होती आणि हृदयही चांगले चालत होते. मी त्यांना गोळ्या लिहून दिल्या आणि घरचा जिना चढताना कितव्या पायरीवर थांबावे लागते, ते रोज वहीत लिहायला सांगितले. ती वही पाहून स्टेंटचे ठरवू, असे आमचे ठरले.