सहा राज्यं जिंकली, मग चालवली कशी? छिन आणि हान राजवटीचा कारभार

नमस्कार! प्राचीन चीनमधल्या छिन राज्याच्या राजाने इ.स.पू. २३० ते २२१ या काळात उरलेली सहाही राज्यं गिळली. लढायांवर व्हिडिओ पुष्कळ आहेत, त्या सोडून देऊ. एवढा मुलूख हाती आल्यावर तो सांभाळायचा कसा, ते आज बघू.

ज्येष्ठ मंत्री म्हणाले, दूरचे प्रदेश राजपुत्रांना द्या. ली सी नावाचा मंत्री आडवा आला. आधीच्या झोऊ घराण्यातल्या राजांनी असेच भाऊबंदांना प्रदेश दिले होते आणि पुढे त्यांचेच वंशज एकमेकांच्या जिवावर उठले, हा त्याचा मुद्दा. आता सम्राट झालेल्या छिनच्या राजाला तो पटला. देशाचे ३६ प्रांत पाडले. प्रत्येकात तीन माणसं: एक कारभाराला, एक फौजेला, तिसरा यांच्यावर नजर ठेवायला. खाली तालुके. वतन कुणालाच नाही, बापाची जागा मुलाला मिळायची नाही.

आता खरी मेख. सारा धान्यात, पगार धान्यात, वेठीवरच्या माणसाचा शिधाही धान्यात. गावोगावी माप वेगळं असेल तर हिशेबच जुळणार नाही. म्हणून २२१ मध्ये ४० अक्षरांचं फर्मान निघालं आणि ते थेट मापांवर कोरलं गेलं. शांघायच्या संग्रहालयात एक चौकोनी कांस्य माप आहे, साधारण २०० मिलिलिटरचं. बाजूवर इ.स.पू. ३४४ चा लेख आणि तळाला हे फर्मान, म्हणजे १२३ वर्षांनंतरचं! नवं काही शोधलं नव्हतं. छिनचं जुनंच माप सगळ्यांच्या गळ्यात मारलं.

अंमलबजावणी किती कडक होती? १९७५ मध्ये हुबेईतल्या श्वेहूदी इथे एका छिन अधिकाऱ्याची कबर सापडली, त्यात बांबूच्या हजारावर पट्ट्या, बऱ्याच कायद्याच्या. एक 'शी' म्हणजे सुमारे ३० किलो. तेवढ्या वजनात पाव किलो किंवा जास्त फरक निघाला, तर जबाबदार अधिकाऱ्याला एका चिलखताचा दंड. सव्वाशे ग्रॅम ते पाव किलो असेल, तर एक ढाल. पाऊस पडला की किती जमिनीला फायदा झाला, हेही लेखी कळवायचं. जवळच्या तालुक्यांनी जासूद धाडायचा, लांबच्यांनी टपालचौक्यांमार्फत पाठवायचं, मुदत आठव्या महिन्याअखेर.

याच पट्ट्यांत वेठीला उशिरा पोचण्याचा नियमही आहे. तीन ते पाच दिवस उशीर झाला तर नुसती बोलणी, सहा ते दहा दिवसांना ढाल, पुढे चिलखत. पावसाने खोळंबा झाला तर ती वेठच रद्द. इ.स.पू. २०९ मध्ये पावसात अडकलेल्या ९०० जणांनी त्यांच्यातल्याच छन शंगच्या मागे बंड केलं, ते मात्र "उशीर म्हणजे मृत्युदंड" या भीतीने, असं इतिहासकार स-मा छ्येन सांगतो. पण ते निघाले होते सरहद्दीच्या पहाऱ्याला, वेठीला नाही. त्यामुळे लगेच त्याला खोटं ठरवू नका.

तीन वर्षांत छिन संपलं. इ.स.पू. २०२ मध्ये सम्राट झालेल्या हान घराण्याच्या ल्यू बांगने सुमारे १५ प्रांत स्वतःकडे ठेवले आणि पूर्वेकडचा मुलूख मांडलिक राजांना दिला, म्हणजे ली सीने नको म्हटलेलंच केलं. १५४ मध्ये त्यातल्या सात राजांनी उठाव केला. तो तीन महिन्यांत मोडला, पण कायमचा इलाज १२७ च्या फर्मानाने झाला: मांडलिक राजाच्या सगळ्या मुलांना जमिनीत वाटा द्या. भाऊहिस्से पडत पडत मोठी राज्यं आपोआप चिमुकली झाली.

१०६ मध्ये सम्राट वू याने देशाचे १३ विभाग करून तपासनीस नेमले. दर्जा पगाराच्या धान्यावरून मोजायचे. यांचा दर्जा ६०० शी धान्याचा आणि ज्यांची तपासणी करायची ते प्रांताधिकारी २००० शीचे! हे मुद्दामच असावं. गमावण्यासारखं थोडं आणि काम चोख केलं तर बढती मोठी, असा माणूस वरिष्ठाची गय कशाला करेल?